शिडी आखूड पडली

14 ऑक्टोबर 1804 च्या पहाटे दिल्लीच्या लाहोरी दरवाज्यावर तोफांचा भडिमार सुरू झाला आणि त्या धुराच्या आडून यशवंतराव होळकरांचे पायदळ खांद्यावर शिड्या घेऊन तटाकडे धावले. वर इंग्रजांचे शिपाई सावध होते. आठवडाभर त्यांची पाठ जमिनीला लागली नव्हती, पण बंदुका भरलेल्या होत्या. हल्ला परतवला गेला, माणसे मागे फिरली आणि शिड्या तटाखाली जिथल्या तिथे पडून राहिल्या. त्यानंतर होळकरांनी वेढा उठवला.

इंदूरच्या राज्यकर्त्याने दिल्लीच्या तटाला शिड्या लावल्या होत्या, ही गोष्ट इंदुरात फारशी कुणी सांगत नाही. मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनची झालेली दाणादाण सांगतात, हडपसरची लढाई सांगतात, भरतपूर तर सांगतातच. शिड्यांची हकिगत अपयशाची, म्हणून ती मागे पडली असावी. पण भरतपूर समजून घ्यायचे तर आधी दिल्लीच्या तटाखाली पडलेल्या त्या शिड्यांकडे पाहावे लागते. त्या चार-सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकच चूक केली. फरक इतकाच की इंग्रजांनी ती चार वेळा केली.

इंदूर हे काही ग्वाल्हेर किंवा भरतपूरसारखे तटबंदीचे ठाणे नव्हे. राजवाडा सात मजल्यांचा, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. त्याला शिडीपेक्षा पलित्याचे भय अधिक. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने शहर लुटले तेव्हा राजवाड्याला आगच लागली. 1804 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतून आलेल्या कर्नल मरेच्या फौजेने इंदूर घेतले, तेव्हाही तट चढण्याचा प्रश्न आला नाही. म्हणजे यशवंतराव दिल्लीवर चालून गेले तेव्हा त्यांचे स्वतःचे शहर शत्रूच्या हाती होते. होळकरांची लढाई घोड्याच्या पाठीवरची होती. भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना त्यांनी नंतर घातला. पहिल्यापासून त्यांचे बळ चपळाईत. शत्रू जिथे आहे तिथे आपण नसायचे, ही त्यांची विद्या. तट चढण्याची विद्या याच्या नेमकी उलटी. तिथे एका जागी थांबून मोजमाप करावे लागते.

दिल्लीला तेवढा वेळच नव्हता. होळकरांचे घोडदळ इंग्रज सेनापती जनरल लेकला मथुरेच्या बाजूला झुलवत होते आणि तेवढ्यात पायदळ व तोफखाना दिल्लीपुढे येऊन ठाकला. आत रेसिडेंट डेव्हिड ऑक्टरलोनी आणि फौजेचा अधिकारी कर्नल विल्यम बर्न. तट मैलोगणती लांबीचा, ठिकठिकाणी ढासळलेला, आणि राखायला माणसे अगदी थोडी. पहारा बदलायला दुसरी तुकडी नव्हती, म्हणून शिपाई रात्रंदिवस तटावरच. तिथे चूल मांडून स्वयंपाक कसा करणार? अधिकाऱ्यांनी त्यांना मिठाई पुरवली आणि वर अर्ध्या महिन्याचा जादा पगार कबूल केला. इतिहासात सेनापतींची नावे राहतात. दिल्ली राखण्यात हलवायांचा वाटा किती, हे कुणी मोजले नाही. मध्येच एकदा आतल्या लोकांनी बाहेर पडून होळकरांच्या मोर्च्यातल्या तोफांच्या कानांत खिळेही ठोकले. लेक जवळ येत होता. अशा घाईत लाहोरी दरवाज्यावरचा सुलतानढवा झाला, आणि घाईने केलेल्या चढाईचे जे होते ते झाले.

तटाला शिडी लावणे हे ऐकायला सोपे काम आहे. करायला गेले की एकेक अडचण उभी राहते. शिडी तटाच्या माथ्यावर फूटभर जरी डोकावली, तरी वरचा माणूस तिचे टोक धरून किंवा बांबूने रेटून ती माणसांसकट उलथून टाकतो. ती माथ्याच्या फार खाली राहिली, तर शेवटच्या पायरीवरच्या माणसाचे हात तटाच्या कडेला पोचत नाहीत आणि तो तिथेच टिपला जातो. फार उभी लावली तर मागे कोसळते; फार तिरकी लावली तर माणसांच्या वजनाने मधोमध मोडते. आजही बांधकामावर आणि अग्निशमन दलात शिडी लावताना चार हात उंचीला एक हात पायथा हेच माप धरतात. त्यातून तटाच्या तळाशी खंदक असेल तर पायथ्याला जागाच नाही. आणि ही सगळी मापे अंधारात, शत्रूच्या नाकाखाली, आधी घ्यायची असतात. उंची चुकली की शौर्य फुकट जाते.

हे ज्यांनी नीट केले त्यांचे उदाहरण मध्य प्रदेशातच आहे, आणि ते मराठ्यांच्या विरुद्ध आहे. 1780 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता. कड्यावरचा हा किल्ला लढून घेता येत नाही, असे सगळ्यांचेच मत होते. कॅप्टन विल्यम पॉपहॅम कंपनीची लहानशी फौज घेऊन गोहदच्या राण्याच्या मदतीला आला होता. त्याने किल्ल्यावर तोफा डागल्या नाहीत. तो काही आठवडे नुसता माहिती गोळा करत राहिला. राण्याच्या माणसांना कडा चढण्याची एक वाट ठाऊक होती. ते रात्री वर जाऊन पहारे कुठे झोपतात, कुठे दिवा फिरतो, हे पाहून आले. आधी सुमारे सोळा फूट उंचीचा तासलेला कडा, मग चाळीस-एक यार्डांचा उभा चढ, मग तीस फूट उंचीची भिंत, असा हिशेब हाती आला. कॅमेरॉन नावाच्या इंजिनिअरने त्या मापाच्या शिड्या गुपचूप बनवल्या. आणि शिपायांसाठी लोकरीचे जोडे शिवून घेतले, आत कापूस भरून, म्हणजे दगडावर पाय घसरू नये आणि वाजूही नये.

3 ऑगस्टच्या रात्री कॅप्टन ब्रूस पुढची तुकडी घेऊन निघाला. कड्याच्या पायथ्याशी ते पोचले तेव्हा वर गस्तीचे दिवे जात होते. सगळे जागच्या जागी दबून बसले. दिवे पुढे गेले. पहिली शिडी लागली, मग उभा चढ, मग भिंत. हेर आधी वर चढले, त्यांनी दोराच्या शिड्या वर बांधून खाली सोडल्या आणि शिपाई एकामागून एक चढू लागले. वीसेक जण वर पोचले असतील, तेवढ्यात काही उतावळ्यांनी जवळ झोपलेल्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. सगळी योजना तिथेच फसायची. पण तोवर मागची माणसे भराभर वर येत होती. उजाडता उजाडता किल्ला पॉपहॅमच्या हाती होता, आणि त्याच्या बाजूचे नुकसान नाममात्र. महादजींनी तो पुढे परत मिळवला, पण त्यासाठी त्यांना दीर्घ वेढा घालावा लागला.

मराठी वाचकाला ही हकिगत वाचताना सिंहगड आठवल्याशिवाय राहत नाही. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांचे मावळे रात्री कड्यावरून वर गेले, तीच रीत. यशवंती घोरपडीची गोष्ट पोवाड्यातून आपल्याकडे आली आणि इतकी रुजली की खरी कामगिरी झाकोळली. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून फौज चढते, यावर माझा विश्वास नाही. कड्याची खडानखडा माहिती असलेला एखादा माणूस आधी वर जातो, दोर पक्का करतो आणि बाकीच्यांसाठी दोराची शिडी खाली सोडतो. ग्वाल्हेरला हेरांनी केले ते हेच. ते अनामिक हेर आणि सिंहगडचे पहिले चढणारे मावळे एकाच जातकुळीचे.

पॉपहॅमचा धडा पुढच्या पिढीतले इंग्रज अधिकारी विसरले, याला कारण त्यांना मिळालेले सोपे विजय. त्यातला सर्वांत गाजलेला अहमदनगरचा. 8 ऑगस्ट 1803 ला आर्थर वेलस्लीने नगरच्या पेठेचा तट तोफा न डागता सरळ शिड्या लावून सर केला. ही चढाई शहराच्या भिंतीवरची होती, आणि तिच्यात एक मोठीच गोची निघाली. भिंतीला आतून फिरायला फांजीच नव्हती. 78 व्या पलटणीचे हायलँडर शिडीच्या टोकाला पोचले तर पुढे उभे राहायला जागा नाही. नुसती भिंतीची धार, पलीकडे खोल गल्ली, आणि बुरुजांवरून दोन्ही बाजूंनी मारा. बरेच तिथेच पडले. शेवटी कॉलिन कॅम्पबेल नावाचा अधिकारी तलवार मनगटाला अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून चढला आणि आत उतरून त्याने वाट केली. वेलस्लीच्या छावणीतल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने हे पाहून लिहिले म्हणतात की, इंग्रज मोठे विलक्षण लोक; सकाळी आले, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, आतले लोक मारले आणि न्याहारीला परत आले. हे वाक्य इंग्रजांना इतके आवडले की प्रत्येक चरित्रात ते सापडते. त्याच वर्षी डिसेंबरात विदर्भातल्या गाविलगडाच्या आतल्या तटालाही शिडीच लागली. लेकनेही उत्तरेत अलीगढ एका दिवसात घेतले होते. हिंदुस्थानातल्या भिंती धीटपणे अंगावर गेले की पडतात, अशी समजूत छावण्यांत पक्की झाली.

ती समजूत घेऊन लेक 1805 च्या जानेवारीत भरतपूरपुढे आला.

तोवर होळकरांची बाजू पडती होती. नोव्हेंबरात डीगच्या लढाईत पायदळाचा मोड झाला, चारच दिवसांनी फरुखाबादेला लेकने घोडदळाला बेसावध गाठले, डिसेंबरात डीगचा किल्लाही गेला. भरतपूरचा जाट राजा रणजितसिंह मात्र यशवंतरावांना सोडायला तयार नव्हता. त्याचे शहर सुमारे आठ मैल घेराचे, भोवती मातीचा प्रचंड जाड आणि उंच तट, त्यापुढे रुंद खंदक आणि खंदकात पाणी सोडायची सोय. मातीच्या तटाला तोफगोळा लागला की तो आत रुतून बसतो. दगडी तटासारखा भगदाड पडून ढिगारा होत नाही. लेककडे मोठ्या तोफाही पुरेशा नव्हत्या आणि इंजिनिअरही. होळकरांचे उरलेसुरले पायदळ तटाच्या आश्रयाला होते, घोडदळ बाहेरून लेकची रसद मारत होते. पण तटावर लढले ते मुख्यतः जाट. भरतपूरचा विजय होळकरांच्या नावावर सांगायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडलेली बरी.

9 जानेवारीच्या पहिल्या हल्ल्यात माणसे छातीभर पाण्यातून खिंडारापर्यंत गेली आणि खिंडार चढण्याजोगे पडलेच नसल्याचे तिथे कळले. कर्नल मेटलंड मारला गेला. तेव्हा दुसऱ्या खेपेला लेकने आधी खंदक पाहून यायला माणसे पाठवली. हा प्रसंग नाटकात शोभावा असा आहे. घोडदळातला एक हवालदार आणि दोन स्वार गावकऱ्यांचे कपडे घालून भरधाव तटाकडे निघाले. मागून इंग्रजांचे शिपाई त्यांच्यावर नुसती दारू भरलेल्या बंदुका झाडत होते. खंदकाच्या काठावर येऊन त्यांनी फिरंग्यांना शिव्या घातल्या आणि तटावरच्या लोकांना विचारले, दरवाजा कुठे? वरच्यांनी आपुलकीने वाट दाखवली. त्या वाटेने जाताना त्यांनी खिंडार आणि खंदक डोळ्यांखालून घातला आणि एकदम घोडी वळवून पळ काढला. खंदक फार रुंद नाही, खिंडार चढता येईल, असे त्यांनी येऊन सांगितले. त्यांना इनाम मिळाले, बढती मिळाली.

आणि 21 तारखेला पूल आखूड पडला. आतल्या लोकांनी दरम्यान बांध घालून खंदकात पाणी तुंबवले होते. सोबत आणलेला फिरता पूल पलीकडे पोचेना. तो लांबवायला कुणीतरी शिडी जोडली, तेव्हा पूल आणि शिडी दोन्ही उलटून पाण्यात गेली. तटावरून गोळ्यांचा पाऊस पडत होता आणि काठावर माणसे दाटीवाटीने उभी. लेफ्टनंट मॉरिस आणि आणखी काही जण पोहत पलीकडे गेले, खिंडार चढलेही. पण मूठभर माणसे वर जाऊन करणार काय? मॉरिस जखमी होऊन पोहतच परत आला. पाचशेहून अधिक माणसे त्या दिवशी कामी आली किंवा जखमी झाली. मला यात हवालदाराचा दोष दिसत नाही. त्याने जे पाहिले ते त्या दिवशी खरे होते. पाणी नंतर चढले. पाहणी आणि हल्ला यांच्या मधल्या काळात भिंत बदलू शकते, याचा हिशेब वरच्यांनी ठेवला नाही.

फेब्रुवारीत मुंबईची फौज येऊन मिळाली. इंदूर घेणाऱ्या मरेच्या फौजेलाच जनरल जोन्सने माळव्यातून इकडे आणले होते. 20 तारखेच्या तिसऱ्या हल्ल्यात गोऱ्या पलटणी खिंडाराकडे जाताना अडून बसल्या. पुढे सुरुंग पेरलाय अशी धास्ती होती. हिंदुस्थानी शिपायांची 12 वी पलटण मात्र पुढे सरसावली. तिच्या लोकांनी शेजारचा बुरूज चढून त्यावर निशाणही रोवले. मागून कुणी आलेच नाही, म्हणून त्यांना उतरावे लागले. दुसऱ्या दिवशी लेकने आदल्या दिवशी अडलेल्या पलटणींपुढे उभे राहून त्यांना लाजवले, तेव्हा सगळेच पुढे जायला तयार झाले. नेतृत्व मॉन्सनकडे, तोच मुकुंदऱ्याच्या माघारीतला.

21 फेब्रुवारीच्या त्या दुपारची गोष्ट या मोहिमेत असलेल्या विल्यम थॉर्नने लिहून ठेवली आहे. बुरूज जवळजवळ उभा होता. पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा सैनिकांनी संगिनी मातीच्या भिंतीत खुपसल्या आणि त्यांच्या पायऱ्या केल्या. काहींनी तोफगोळ्यांनी पडलेल्या भोकांत हातपाय रोवले. एका वेळी एखाद-दुसराच माणूस वर जाऊ शके, आणि तो पडला की खालच्यांना घेऊन पडे. वरून ओंडके, दगड, तेलात भिजवलेले कापसाचे पेटते बोळे आणि दारूची मडकी येत होती. 76 व्या पलटणीचा लेफ्टनंट टेम्पलटन निशाण घेऊन माथ्याजवळ पोचला, ते रोवले, आणि तिथेच गोळी लागून पडला. दोन तासांनी मॉन्सनने माघारीचा हुकूम दिला.

भरतपूरची माणसे तेरा हल्ले सांगतात. कागदांत चारच आहेत, पण त्या चारांत कंपनीची मेलेली आणि जखमी माणसे तीन हजारांवर गेली. एप्रिलमध्ये रणजितसिंहाने वीस लाख रुपये देऊन तह केला. यशवंतराव पंजाबकडे निघून गेले आणि डिसेंबरात बियास नदीकाठी त्यांचाही तह झाला. इंदूर त्यांना परत मिळाले. शहर शिडी न लावता गेले होते, तसेच शिडी न लावता आले.

तिसऱ्या हल्ल्यात अडलेल्या पलटणी सोडल्या तर या चढायांत धैर्याची कमतरता कुठेच नव्हती. लाहोरी दरवाज्याखालचे होळकरांचे शिपाई, पोहणारा मॉरिस, संगिनीच्या पायरीवरचे ते अनाम सोल्जर आणि 12 व्या पलटणीचे पुरभय्ये, कुणालाही भित्रा म्हणता यायचे नाही. कमी पडली ती मापे आणि ती घेणारी माणसे. युरोपातही हेच चालले होते. 1812 मध्ये स्पेनमधल्या बादाहोसच्या तटाखाली वेलिंग्टनच्या, म्हणजे नगरच्याच वेलस्लीच्या, शिड्या आखूड पडल्या आणि माणसांचा खच पडला. त्याच वर्षी इंग्लंडात चॅटमला लष्करी इंजिनिअरांची शाळा निघाली. खंदक ओलांडणे, सुरुंग खणणे, शिडी आणि पूल मोजून बनवणे ही तिथे रोज शिकायची कामे झाली. 1825 च्या डिसेंबरात लॉर्ड कॉम्बरमियर भरतपूरपुढे आला तेव्हा त्याने सर्वांत आधी खंदकाचे पाणी तोडले. मग तटाखाली सुरुंग खणून त्यांत हजारो पौंड दारू भरली आणि 18 जानेवारी 1826 ला बुरूजच उडवला. वीस वर्षांपूर्वी संगिनी खुपसून चढायचा प्रयत्न झाला होता, तिथे आता ढिगाऱ्यावरून चालत जाता आले.

आपल्याकडे अंगमेहनतीची विद्या काही कमी नव्हती. इंदूर-उज्जैनकडच्या व्यायामशाळांत दोरीचा मल्लखांब आजही चालतो आणि मध्य प्रदेशाने मल्लखांबाला 2013 मध्ये राज्य खेळाचा दर्जा दिला. पण मल्लखांबाने माणूस चपळ होतो, शिडी लांब होत नाही. अंगाची विद्या आणि मापाची विद्या एका शाळेत यायला लागते.

तशी शाळा इंदूरजवळ आली ती होळकरांच्या पराभवामुळे. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज हरली, पुढच्या जानेवारीत मंदसोरला तह झाला आणि इंदूर ही राजधानी ठरली; पण तिच्या उशाशी महूला इंग्रजी छावणी बसली. आज त्याच महूत भारतीय लष्कराचे इन्फन्ट्री स्कूल आहे. त्याचा कमांडो विभाग बेळगावला आहे. इंदूर शहरात सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे आणि डावपेच शिकवणारी केंद्रीय शाळाही आहे. भिंती बदलल्या, आता त्या सिमेंटच्या आणि बहुमजली आहेत. वस्तीतली इमारत शक्य तर वरून खाली साफ करत यावी, हा हल्लीचा धडा. 28 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत दहशतवाद्यांनी बळकावलेल्या कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून गच्चीवर उतरले, ते याच हिशेबाने. त्या जाड दोराला ना पट्टा असतो ना आकडा. हातमोजे आणि पायांची पकड एवढ्यावर वेग आवरायचा. त्या इमारतीत हवालदार गजेंदरसिंह बिश्त कामी आले.

आणि हे केवळ कमांडोंपुरते नाही. भारतीय लष्करातल्या साध्या जवानालाही लढाऊ क्षमतेच्या नेहमीच्या परीक्षेत पाच किलोमीटर धावल्यावर उभा दोर चढून दाखवावा लागतो, आडवा दोर पार करावा लागतो, आणि नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडावा लागतो. खंदकाचे माप सगळ्यांना आधीपासून माहीत असते.